खंडेनवमीचा कॉम्प्युटर

सोनगीर, ता. धुळे
दि. १४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. हेमलता हिस,

यशोदाबाईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, फैजपुरात ओट्यावर बसून केळी खाल्ल्यानं गुडघा बरा होत नसतो, चालावं लागतं. योगेंद्रचा सुरतेहून फोन आला होता, धनत्रयोदशीच्या आत येतो म्हणाला.

तू माझा फोन घेत नाहीस. चार वेळा लावला, मग मीही हट्टाला पेटले. योगेंद्र म्हणाला, "आई, पत्र लिही, पत्र कट करता येत नाही." फाडता येतं म्हणा. पण तू फाडणार नाहीस, मी तुला ओळखते. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तू टाकत नाहीस.

तर आधी बातमी ऐक आणि मग काय रागवायचं ते रागव. तुझा कॉम्प्युटर चालू झाला! हो बाई, तोच, निळा पडदा दाखवून सारखा मरत होता तो. तुझी बठ्ठी नक्षी आत जशीच्या तशी आहे. कमळाची, मोराची, त्या घंगाळाच्या काठाची, नाशिकच्या प्रदर्शनासाठी काढलेली सगळी. आणि चालू कोणी केला? मी. बरं, मी आणि तुझ्या सासऱ्यांनी, नानांनी. पण बटणं मी दाबली, हे लक्षात ठेव.

विश्वास बसत नसेल तर पुढे वाच.

तू दसऱ्याला फैजपूरच्या गाडीत बसलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नाना तुझ्या कॉम्प्युटरचा डबा जुन्या धोतरात गुंडाळताहेत. मी म्हटलं, अहो, हे काय? म्हणाले, धुळ्याला नेतो. चहासुद्धा घेतला नाही. मग मीही निघाले, एकट्यांना कुठे सोडू? एसटीत तो डबा मांडीवर धरून बसले होते. कंडक्टर म्हणाला, आबा, वर ठेवा की. तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या सीटवर तिकिटं फाडायला निघून गेला.

धुळ्यात एका दुकानात गेलो. तिथल्या माणसानं पाच मिनिटं खटखट केलं आणि सांगितलं, "मावशी, अपडेट अर्धवट राहिलंय. हा उठायचा नाही. सगळं पुसून नवीन टाकावं लागेल." मी विचारलं, आतलं? "आतलं जाईल." अगं, ते तो असं म्हणाला की जणू डब्यातले मुरमुरे सांडणार होते! दोन वर्षांची तुझी मेहनत ती. प्रदर्शनवाल्यांना पाडव्याच्या आत नक्षी पोचली नाही तर तुझी जागा दुसऱ्याला जाणार, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, बाबा, हात लावू नकोस. नानांनी तर माझं बोलणं संपायच्या आत डबा उचललाही होता.

स्टँडवर बसून मला तुझी मैत्रीण कोकिळा आठवली, धुळ्यात कॉम्प्युटर क्लासला शिकवते ती. नाना नको म्हणत होते. ती हेमलताला सांगेल, आणि हेमलताला वाटेल आपण तिच्या मैत्रिणीकडून रदबदली करतोय. पण मी लावलाच फोन. ती सुट्टीला सासरी शहाद्याला गेलेली. तुला काही सांगणार नाही अशी मी तिच्याकडून शपथ घेतली आहे, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

पोरगी गुणाची आहे. घाबरवलं नाही तिनं. म्हणाली, "काकू, नक्षी कुठे गेलेली नाही. घरात नवं सामान लावत असताना मधेच दिवे गेले, असं झालंय. अर्धं नवं, अर्धं जुनं, त्यामुळे कॉम्प्युटरला दार उघडता येत नाही. ते नवं सामान बाहेर काढू, मग तो उठेल. घरी जा, डबा जोडा, आणि फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा."

मग काय, दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं ऑपरेशन सुरू! फोन नानांच्या हातात, मी खुर्चीवर. कोकिळा म्हणाली, आधी डब्याच्या जाळीतलं पूजेचं कुंकू पुसा. पुसलं. मग म्हणाली, "आता चालू करा, आणि गोल ठिपके फिरायला लागले की बटण दाबून धरून बंद करा. मधेच. असं दोन-तीनदा केलं की तो स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवेल."

हे ऐकलं मात्र, नाना ताडकन उठले. "बंद कयं म्हनीसन तं येवढं रामायन जायं, आते परत बंद कर म्हनस?" फोन माझ्या मांडीवर टाकून चालले बाहेर! मी ओरडले, अहो, ती शिकलेली मुलगी सांगतेय ना! कोकिळा फोनमधून हसत होती. "नाना," ती म्हणाली, "त्या दिवशी नकळत झालं, आज जाणूनबुजून करायचं. घाव कधी घालायचा ते तुम्हाला मी सांगायचं का?"

हे त्यांना पटलं. खाली बसले. बटणावर अंगठा ठेवला आणि पडद्याकडे असे बघत राहिले की जणू भट्टीत तांब्याचा पत्रा लाल व्हायची वाट बघताहेत. ठिपके फिरले की दाबायचे. मला तर प्रत्येक वेळी वाटत होतं, आता गेला, आता कायमचा गेला. पण आला गं, आला! दुरुस्तीचा पडदा आला.

आता सगळं इंग्रजी. माझी सातवी तुला माहीत आहे. मी एकेक अक्षर वाचत होते आणि कोकिळा पुढचं सांगत होती. एका ठिकाणी दोन चौकोन आले. वरचा निवडलेलाच होता, मी एंटर दाबायला बोट टेकवलं, तर ती किंचाळली, "काकू, वरचं नको! त्यानं घर धुऊन निघेल!" नानांनी झटकन माझं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता, आणि समोर ती शहाद्याची पोरगी बघतेय. खालचं निवडलं. त्याच्या आत आणखी एक, त्याच्या आत ते शेवटचं अपडेट काढून टाकायचं बटण. दाबलं.

पुढे नुसतं थांबायचं. आणि थांबणं नानांना कधी जमलंय? पण त्या दिवशी जमलं. लाईट जाईल म्हणून आळीतल्या अभिमनच्या घरून इन्व्हर्टर आणून जोडलेला होता, तरी स्विचबोर्डासमोर खुर्ची टाकून राखण करत बसले. शेजारची ताईबाई मोबाईल चार्जिंगला लावायला आली तर तिच्यावर केवढ्यानं खेकसले! "बोर्डले हात लावू नको! आत काम चालू शे!" ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली, घरात कोणी आजारी आहे की काय.

आणि मग पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि तुझा तो गडाचा फोटो समोर! मी टाळ्या पिटल्या, हेमलता. या वयात, एकटीनं, टाळ्या. कोकिळा तिकडून शिट्टी मारत होती. नाना म्हणाले, "जमनं!" आणि तडक बाहेर गेले. मला वाटलं डोळे पुसायला गेले. तर जिलबी घेऊन आले, आणि अख्ख्या तांबट आळीत वाटली. "आमना कॉम्प्युटर उठना" असं सांगत फिरत होते. आमचा म्हणे!

एवढं लिहून मी पत्र संपवणार होते. पण खरं लिहायचं ते अजून राहिलंच आहे.

तू झेंडू आणायला गेली होतीस आणि कॉम्प्युटरवर ते अपडेट चालू होतं. परत आलीस तर डब्याची वायर काढलेली, डबा ऐरणीशेजारी, वर हळदकुंकू. दसऱ्याला लावून पाहिलास तर उठेना. तेव्हा तू म्हणालीस, "नानांना माझं काम पहिल्यापासून खुपतंय, पूजेचं निमित्त करून बंद पाडलं." तुझंही चुकलं नाही. गिऱ्हाइकांसमोर ते तुझ्या कामाला 'डब्यातली नक्षी' म्हणाले होते, ते मीही ऐकलंय.

पण खंडेनवमीला या घरात ऐरणीशेजारी काय ठेवतात, हे तुला कोणी सांगितलंच नाही. ज्याला नाना कारागीर मानतात त्याचंच हत्यार तिथे बसतं. योगेंद्रनं नवी मोटरसायकल आणली तेव्हा तो किती मागे लागला होता, नानांनी तिला अंगणातच हार घातला. माझी शिलाई मशीन तर कधी आत गेलीच नाही, आणि ते मला आजही बोचतं, सांगून टाकते. त्या दिवशी त्यांनी स्वतः तुझा डबा उचलून आणला. मी म्हटलं, अहो, चक्र फिरतंय त्यात. म्हणाले, "तिनं हत्यार शे ते. आज बठ्ठा हत्यारेसले इसावा, त्याले बी." तुझं हत्यार म्हणाले गं, सगळ्या हत्यारांसारखा त्यालाही विसावा. पूजेच्या दिवशी हत्यार चालू ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून वायर काढली. मान द्यायला गेले आणि घात झाला.

मी तेव्हाच सांगणार होते. त्यांनी मला गप्प केलं. सुनेपुढे सफाई देणार नाही म्हणाले, आधी दुरुस्त करतो. आता दुरुस्त झालाय, म्हणून माझं तोंड मोकळं झालं.

सोबत पेनड्राइव्ह आहे. सगळी नक्षी त्यात कॉपी केली आहे, तीही मीच. फैजपूरहूनच नाशिकला पाठवून दे, उशीर करू नकोस. तुला परत यायचं नसलं तरी नक्षी तुझी आहे, तिच्यावर आमची काही अट नाही.

एवढंच सांगते की आज सकाळी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पुन्हा चौकट आली. तेच अपडेट. आता लावू की नंतर, असं विचारतंय. मी नानांना हाक मारली, म्हटलं आता तर आपल्याला सगळं येतं, दाबू का? हातोडा खाली ठेवून आले, चौकट नीट बघितली आणि म्हणाले, "नको. ती ई, ती दाबी." तू येशील, तूच दाबशील, म्हणे.

मी 'नंतर' दाबलंय. पण कोकिळा म्हणते, ते फार दिवस 'नंतर' ऐकून घेत नाही.

त्या बटणाला हात न लावणारी तुझी सासू,
यशोदा