तुमचा खुनी कोण

सर, तुम्हाला मी मारलं हे आता अख्ख्या म्हसवडला ठाऊक झालंय. पुस्तकात मारलं, पण मारलं. पहिल्याच प्रकरणात, तुमच्याच खुर्चीत, तपकिरीच्या डबीत विष घालून. नाव बदललं, गाव बदललं, शाळा बदलली. तपकीर मात्र मुद्दाम ठेवली, आणि वर्गातून मधेच उठून जायची तुमची ती खोडही ठेवली, म्हणजे ज्यांनी ओळखायचं त्यांनी ओळखावं. ओळखलं हो सगळ्यांनी. पुस्तक हातोहात खपतंय, सांगलीच्या स्टँडवर चहाच्या गाड्याशेजारीसुद्धा मांडलेलं असतं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि तुमचं मरण आत्ता कुठं गावभर झालं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं मला.

तुम्हाला आठवत नसेल. मारणारा विसरतो, मार खाणारा विसरत नाही. नववीचा वर्ग. तुमची पद्धत अशी, की ज्यानं त्यानं आपला निबंध उभं राहून वाचायचा, आणि तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही खुर्चीतून उठून सरळ व्हरांड्यात निघून जायचं. उभं राहिलेल्यानं तिथंच थांबायचं, वर्गानं हसायचं. ‘वाचणारा उठून गेला, संपलं,’ एवढंच तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी विषय होता ‘माझी आई’. माझी आई त्याच दिवाळीत गेलेली. सकाळी भाकऱ्या थापून, मेंढरांमागं निघालेल्या आण्णांना बांधून देऊन मी शाळेत आलेय, हाताला अजून पिठाचा वास येतोय, आणि मी वाचतेय. तिसऱ्या वाक्याला तुम्ही उठलात. एरवी खिदळणारी पोरं त्या दिवशी हसली नाहीत, तेच जास्त लागलं. बाहेरनं तुमचा आवाज आला, ‘मेलेल्या माणसावर लिहिलं म्हणजे वाचणारा बसून राहील असं समजू नकोस. चला, पुढची.’ पुढची उठली. तिची आई जिवंत होती. मी खाली बसले आणि मनात म्हटलं, थांबा म्हातारबा, दाखवते तुम्हाला.

तर दाखवलं. सगळं मनासारखं चाललं होतं, आणि साताऱ्याच्या एका साप्ताहिकात ते परीक्षण आलं. लिहिणाऱ्यानं टोपणनाव घेतलेलं, स्वतःच्या नावानं शिव्या द्यायची छाती नाही. मी ओट्याशी उभी, एका हातात मोबाईल, कढईत शेंगदाणे. परीक्षण वाचून होईस्तोवर शेंगदाण्यांचा कोळसा झाला. भाषा भडक, माणसं पुठ्ठ्याची, संवाद नाटकी. तेवढं मी गिळलं असतं. पण झालंय असं, की माझ्या पुस्तकात खुनी कोण ते शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही. पाचजणांवर संशय, पाचांकडेही कारण, आणि शेवटच्या पानावर फौजदार फाईल बंद करून घरी जेवायला जातो. प्रकाशकानं हेच डोक्यावर घेतलं होतं. ‘खुनी तुम्हीच शोधा’ असं मागच्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं, आणि त्यावरच तर पुस्तक उचललं गेलं. आणि हा बाबा लिहितो, ‘याला धाडस म्हणू नका. खुनी कोण ते लेखिकेलाच ठाऊक नाही. मास्तरला मारायची हौस दांडगी, पण मारणारा हात काही तिला सापडला नाही.’ तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या पुस्तकात त्याला विहिरीत ढकलायचं, हे मी कढई घासता घासताच ठरवलं.

त्या परीक्षणावरनं वाचकांत दोन तट पडले. आपल्या गावच्या वाचनालयात तर इतकी जुंपली, की त्यांनी मलाच बोलावून घेतलं, काय ते तोंडावर होऊन जाऊ दे म्हणून. मी गेले. इस्त्रीची साडी नेसून, मान ताठ ठेवून गेले. एक रिटायर कंडक्टर पेपर हातात घेऊनच उभे राहिले. “मी सांगतू, ह्यानं बराबर लिवलंय. तिकीट पुरं घेतलं आन् गाडी निम्म्या वाटंत उभी केली! माणसानं उतरायचं कुठं?” दवाखान्यातली एक नर्स ताडकन उठली. “आवं काका, समदं ताटात वाढूनच पायजे व्हय तुमाला? मास्तरनं पाचीजणांना छळलंय. कुणीबी मारलं तरी झ्याकच केलं की!”

“झ्याक? माणूस मेलाय बाई!”

“मरू द्या की! आमालाबी असलाच एक हुता.”

निम्मी माणसं हसली, निम्मी कंडक्टरांकडं बघून माना हलवायला लागली. कंडक्टर काही बसेनात. “मग नाव सांगायला हरकत काय? न्हाईच ठावं हिला. लिवणाऱ्यानं बराबर वळखलंय.” आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरनं काकूंनी हात वर केला. तुमच्या काकू, सर. तुमची बायको. इतका वेळ त्या तिथं बसल्यात हे मी बघितलंच नव्हतं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, मांडीवर ठेवलेलं. मी मनात म्हटलं, आता शिव्याशाप येणार, येऊ देत, तेही माझ्या हक्काचेच.

“म्या दोनदा वाचलं,” काकू म्हणाल्या. “खरं सांग पोरी, कुणी मारलं ते तुला ठावं हाय न्हवं?”

“हो काकू.”

“मग सांगू नगंस. त्यातली ती बायको हाय का, तिनंच मारलं असं धरून वाचलं म्या. लय सुखानं वाचलं.” पुस्तकाचं कव्हर सारखं करत म्हणाल्या, “माजंबी एक वाक्य कवा पुरं हू दिलं न्हाई त्यांनी. उठून जायाचे.”

कुणी हसलं नाही. कंडक्टर खाली बसले. मला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं, पण सांगलीला परतताना गाडीत मी विट्यापर्यंत नुसती धुमसत होते. हा सूड माझ्या एकटीचा आहे असं मी धरून चालले होते; इथं तर माझ्या आधीपासून रांग लागलेली. तुम्हाला माफ केलंय असा मात्र गैरसमज नको. केलेलं नाही, करणारही नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. काकूंना ‘हो’ म्हणाले ते खोटं. तो साताऱ्याचा हलकट खरं बोलला, खुनी कोण ते मला ठाऊक नाही. सगळ्यांकडनं करून बघितलं, सर. तुमच्या बायकोच्या हातात विषाची डबी दिली, तिनं ती पदरानं पुसून तुमच्या उशाशी ठेवली आणि चहा टाकायला गेली. शिपायाला पाठवलं, त्याला नेमकी घंटेची वेळ झाली. शेवटी त्या नववीतल्या पोरीला पाठवलं, चांगली मोठी, कर्ती करून. म्हटलं, हिच्याकडनं तरी होईल. ती तरातरा गेली, दाराशी थांबली, पायातल्या चपला काढल्या आणि हळूच विचारलं, ‘आत येऊ का, सर?’