पोरीसकट मोजलेलं घर

आये, टीव्हीवर सकाळपासून राष्ट्रपतीच्या निवडणुकीचं चाललंय, आणि मला दिसतेस ती शाळेच्या बंद दारासमोर उभी असलेली तू. बासष्ट सालचा उन्हाळा. थोड्याच महिन्यांपूर्वी त्याच शाळेत मत देऊन आली होतीस आणि शाईचं बोट सगळ्या गावाला दाखवत फिरली होतीस. मग कुणाच्या तरी रेडिओवर ऐकलंस, आज राष्ट्रपतीची निवडणूक. झालं! चूल आवरलीस, घडीचं लुगडं नेसलीस, माझा हात धरलास आणि भर उन्हात निघालीस. शाळेला कुलूप. मे महिन्याची सुट्टी ना. तुला वाटलं, आपल्याला उशीर झाला.

शाळेमागच्या खोलीतले गुरुजी बाहेर आले. ते हसले नाहीत, म्हणून मी त्यांना अजून मानते. आपल्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही. आपण निवडून दिलेले खासदार आणि आमदार ते देतात. आमदाराचं मत नुसतं एक धरत नाहीत, त्याच्या राज्यात माणसं किती त्यावरून त्या मताचं वजन ठरतं. कागदावर पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे घालायचे. कुणालाच निम्म्याच्या वर मिळालं नाही, तर सगळ्यात मागे पडलेल्याला काढायचं आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीच्या माणसाला द्यायची. माझ्या तर सगळं डोक्यावरून गेलं. तू मात्र एकाच ठिकाणी अडलीस. माणसं म्हणजे कोण, बाप्येच काय? गुरुजी म्हणाले, छे, बायका, म्हातारे, अंगावर पिणारी पोरंसुद्धा.

तू माझ्याकडे बघितलंस. "म्हंजे ही पन मोजली?"

"ही पण," गुरुजी म्हणाले.

आमदार मत देण्याआधी आपल्याला विचारतो का, हेही तू विचारून घेतलंस. विचारायलाच हवं असं नाही, त्याच्या मनाला येईल तसं तो देतो, असं गुरुजींनी सांगितलं. तू नाक मुरडलंस. म्हणजे आमच्या भावजींसारखंच, म्हणालीस.

आमचा काका तसाच होता खरा. पावसाआधी खाडीचा बांध दुरुस्त करायला गाव एक म्होरक्या निवडायचं. घरटी एक मत, तेही बाप्याने सांगायचं. ज्या घरात बाप्या नाही, त्याचं मत जवळच्या भाऊबंदाने सांगायचं. बाबा गेल्यापासून आपलं मत काका सांगायचा, न विचारता. आपलं शेत अगदी खालच्या कोपऱ्यात. काकाचा माणूस तो कोपरा शेवटाला ठेवायचा, तेवढ्यात उधाण यायचं, आणि खारं पाणी शेतात. दोन वर्षं भाताचा दाणा हाती लागला नव्हता. तिसऱ्या वर्षीही शेत खारावलं असतं, तर मला घेऊन मामाच्या दारात जाऊन राहावं लागणार होतं. हे तू मला फार पुढे सांगितलंस.

मग देवळापुढे गावकी बसली. काका दोन्ही घरांचं मिळून एकच नाव घेणार, तेवढ्यात तू बायकांतून उठून पुढे गेलीस. मी तुझा पदर धरला होता, तो तू सोडवून घेतलास.

"भावजी, माज्या घराचं मत तुमीच सांगा. पन आदी मला इचारा. राष्ट्रपतीच्या मतात माजी पोर मोजलेली हाय, मंग हितं मी का नाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. काकाचं तोंड रागाने लाल झालं. शेवटी गावातले सगळ्यात म्हातारे आजोबा म्हणाले, इचार रे, तुजं काय जातंय? काकाने तोंड फिरवून विचारलं. तू आपल्या शेताला लागून ज्याचं शेत होतं, त्या शेजाऱ्याचं नाव घेतलंस. काकाने आपलंच रेटलं असतं, तरी कोण आडवं येणार होतं?

"माजं घर माज्या मानसाला," तो म्हणाला, "वैनीचं घर वैनीच्या."

तुझा माणूस पडलाच. पण तू बोललीस ते सगळ्या गावाने ऐकलं होतं, आता दर वर्षी तुझंही मत लागणार होतं, त्यामुळे निवडून आलेला म्होरक्या चिखलाच्या पाट्या घेऊन पहिला आपल्याच कोपऱ्यावर आला. त्या वर्षी आपण घरचा भात खाल्ला, आये. आणि पुढच्या वर्षापासून काका गावकीआधी दारात येऊन उभ्या उभ्या विचारायला लागला, वैनी, कोनाला? तू त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाहीस. मला तर रोज छळायचीस. कालवणात काय घालू, पयली पसंती सांग, दुसरी सांग. आणि शेवटी करायचीस आपल्याच मनाचं.

त्या बांधावरून आता रस्ता गेलाय. मी सानपाड्यात राहते, चौथ्या मजल्यावर. आज खाली सोसायटीची मीटिंग आहे, बिल्डिंग पाडून नवी बांधायची की नाही यावर. पाडली तर या वयात मी भाड्याच्या घरात किती वर्षं काढणार, आणि परत इथे यायला उरणार तरी का? मला पाडायला नकोय. फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण मीटिंगला नेहमी तुझा नातू जातो. आताही गेलाय. "आई, तू टेन्शन घेऊ नकोस, आपलं मी सांगतो," म्हणाला. काय सांगणार, ते त्याने मला विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, ते राहू दे असंच टेबलावर. मी चपला घालून खाली जाते. खरं सांगू, आये? मला पोटच्या पोराची भीती वाटतेय. तुला त्या दिवशी काकाची वाटली होती का गं? मला आपलं वाटायचं, तू कुणाला भीतच नाहीस.