चौसाळ्याच्या भजनातला एक मास्तर

चौसाळा, वैशाख वद्य चतुर्थी

तीर्थरूप आसाराममामांच्या चरणी भाचा सुंदरराव याचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व उन्हानं भाजून निघालो असलो तरी खुशाल आहोत. आपला गुडघा कसा आहे? मामींनी एरंडाचं पान बांधल्याचं कळलं. ते राहू द्यावं, वरून हकिमाचं तेलही चोळावं. दोन्ही औषधांची चुरस लागली तर फायदा गुडघ्याचाच.

पत्रास कारण, मी शिकवतो त्या सरकारी मदरशाला सुट्टी लागली आणि मी उन्हाळ्यापुरता मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळीत शिरलो. आपण हसाल. (आपली भाचेसून रुक्मिणी अजून हसते आहे.) बारा वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेणाऱ्या माणसाला गाता येतंच, असा माझा समज होता. मंडळीचा पुढारी धुळाजी धनगर. त्याला अक्षराची ओळख न्हाई, पण शेकड्यानं अभंग तोंडपाठ, आणि कळपातलं कोणतं कोकरू ओरडलं ते डोळे मिटून सांगतो. माझं गाणं त्यानं मोठ्या अदबीनं ऐकलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमी मागं बसा. टाळ धरा, तोंड उघडा, मान लई झ्याक डोलवता, ती डोलवा. आवाज तेवढा काढू नका."

मला राग यायला हवा होता. पण मुकाट बसलो आणि जन्मात पहिल्यांदा नीट ऐकू लागलो. दिवसभर नांगरटीत घसा कोरडा पडलेली माणसं, कुणाचा आवाज फाटका, कुणाचा नाकातला, मृदंगावर दिलावर पिंजारी (दिवसभर कापूस पिंजून त्याच्या मिशा पांढऱ्या झालेल्या), आणि धुळाजी नुसत्या भुवईनं त्या सगळ्यांना एका सुरात आणायचा. मदरशात छडी हातात असून मला चाळीस पोरं एका ओळीत बसवता येत न्हाईत, मामा! नुसते ओठ हलवून महिन्याभरात साठ अभंग मला पाठ झाले.

मग केजच्या सप्त्याचं आमंत्रण आलं. दोन बैलगाड्या करून गेलो. मंडप भरलेला, तालुक्यातल्या नामांकित मंडळ्या पुढं बसून आमचं माप काढताहेत. धुळाजीनं असा काही सूर लावला की माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरले, आणि धृपद यायच्या आधीच मी तोंड उघडून ते म्हटलं. मोठ्यानं. एकट्यानं. भलत्याच वरच्या पट्टीत.

टाळ थांबले. दिलावरनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खांबामागं सरकू लागलो. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. आणि धुळाजीनं, मागं वळूनही न बघता, माझीच पट्टी धरली! हात वर केला, अख्खी मंडळी तिकडं ओढली. म्हाताऱ्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, दिलावर सूर चढवायला एका हातानं मृदंगावर हातोडी मारीत दुसऱ्यानं ठेका देत होता, पण धृपद असं चढलं की मंडप उठून उभा राहिला. केजकरांना वाटलं, ही चौसाळ्याची खास तऱ्हाच असावी.

परतताना गाडीत मी हात जोडले. धुळाजी चिलीम झाडत म्हणाला, "मेंढरू वाट सोडून गेलं तर म्या त्याच्यामागं पळत न्हाई. कळपच तिकडं वळवितो. एकटं कशापायी राहू द्यायचं?"

मामींस नमस्कार.

आपला,
सुंदरराव

ता. क. आपल्या पाटोद्यास ज्येष्ठात सप्ता असतो. चौसाळ्याच्या मंडळीस बोलावणं धाडावं, आणि त्यात माझं नाव ठळक अक्षरांत घालावं. न्हाई तर ही मंडळी मला नेतील, याची खातरी न्हाई.

दुसरा ता. क. हे पत्र धुळाजीला वाचून दाखवलं. म्हणाला, "नाव कशाला? मास्तरबिगर आमी जातच न्हाई." मला गहिवरून आलं. मग हळूच म्हणाला, "पर मामांला इचारा, तिथं मागची रांग मांडवाच्या बाहेर बसविता यील का?"