वर्तुळातला माणूस

१० फेब्रुवारी १९९३

चि. ठिपक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकला असशील. फोन आईच्या उशाशी आहे आणि ती तिथून तसूभर हलत नाही, म्हणून हे बोलणं कागदावर. मधल्याचा, तुझ्या दादाचा, अजून पत्ता नाही. पुलाला रंग द्यायला परांचीवर चढला, तो जेवणाच्या सुट्टीत खाली आलाच नाही. पडताना कोणी पाहिलं नाही. आदल्या दिवशी ठेकेदाराशी कडाक्याचं वाजलं होतं, आणि बंदरावर दुसरं काम बघतो असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. म्हणून आम्ही आपलं म्हणतो, गेला असेल तणतणत. लहानपणी तरी दुसरं काय करायचा?

पण काल पोलिसांनी इस्पितळाच्या शवागारात बोलावलं. नदीत बरंच खाली एक माणूस सापडलाय. चेहरा ओळखू येण्यासारखा राहिलेला नाही. उंची जुळते. अंगात ठेकेदाराने वाटलेला निळा शर्ट आहे. आणि डॉक्टरांनी क्ष-किरणांनी फोटो काढला, त्यात डाव्या खांद्याजवळचं गळ्याचं हाड कधीतरी मोडून सांधलेलं दिसतं. मधल्याचंही तेच हाड मोडलं होतं, शाळेच्या भिंतीवरून उडी मारली तेव्हा.

मी त्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. अधिकारी म्हणाला की महिनाअखेरीपर्यंत घरच्या कोणी ओळख पटवून सही केली नाही, तर बेवारस म्हणून पुरतील. तू पगार घेऊन हेच करतोस ना, कुठल्याशा ठिपक्याचा मालक शोधतोस? मग सांग, कसं ठरवतात ते.

जेवत जा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी लगेच निघतो म्हणून फोन केला, तर आईनेच उचलला. दादा आला की तुम्ही दोघं मिळून या, म्हणाली. मी बरं म्हणून फोन ठेवला. तू सांगशील तेव्हा निघेन.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आमचा उपग्रह आकाशात क्ष-किरण कुठून येतात ते टिपतो, पण त्याची नजर जरा अधू आहे. तो नेमकी जागा सांगत नाही, एक वर्तुळ देतो, की यात कुठेतरी. मग मी साध्या उजेडात घेतलेल्या फोटोंत, अवरक्त फोटोंत, रेडिओ दुर्बिणीच्या नकाशांत बघतो की त्या वर्तुळात कोण कोण बसलंय. सगळ्यात झगझगीत दिसेल त्याच्या गळ्यात माळ घालायचा मोह होतो. गेल्या साली मी घातली आणि तोंडावर आपटलो. खरा धनी शेजारचाच होता, धुळीत दडलेला, साध्या फोटोत दिसलाच नव्हता.

म्हणून आमचे सर एक कसोटी लावायला लावतात. सगळी वर्तुळं मुद्दाम थोडी बाजूला सरकवायची आणि पुन्हा जुळवून बघायचं. आता तिथे क्ष-किरण सोडणारं खरं काहीच नाही हे माहीत असतं. तरीही वर्तुळात तारे सापडतच राहिले, तर समजायचं की जुळण्याला फारसा अर्थ नाही, गर्दीच तेवढी आहे. ताई, निळा शर्ट पुलावरच्या सगळ्यांकडे आहे. उंची चारचौघांसारखी. घाई करू नकोस. दादा तसा चिवट आहे.

तुझा आशीर्वाद असतोच, या वेळी जरा जास्त असू दे.
तुझा,
ठिपक्या


१९ फेब्रुवारी

चि. ठिपक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि शंभर वर्षं जग.

अरे, तुझं पत्र वाचलं आणि किती दिवसांनी घास गोड लागला! तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. मी औषधाचं दुकान दुपारी बंद केलं आणि थेट पुलावर गेले. तुझी ती सरकवासरकवी केली. शवागारातल्या माणसाच्या खुणा एकेका रंगाऱ्याला लावून पाहिल्या. मुकादम मला वेडी समजला असेल, समजू दे. दोघंजण निघाले! दोघांची उंची तीच, शर्ट तोच, आणि दोघांचंही डावं हाड कधीतरी मोडलेलं. एकाने तर बटण काढून गाठ दाखवली. डबे, दोर, फळ्या सगळं डाव्या खांद्यावर वाहायचं आणि वर्षाकाठी एकदा पडायचं, तर हाडं राहतील कशी?

म्हणजे जुळलं म्हणून काही सिद्ध होत नाही. तुझंच वाक्य. मी पोलिसांना जाऊन सांगितलं की तो आमचा नव्हे. अधिकारी म्हणाला की निदान एकदा आत येऊन बघा. मी म्हटलं, परक्या माणसाला काय बघायचं? बंदरावर तीन पत्रं टाकली आहेत. आला की आधी दोन मुस्काटात देणार आहे, मग जेवायला वाढीन.

अशीच अक्कल वापरत जा, आणि बहिणीला विसरू नकोस.
तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. तू रागावशील, रागव.

ताई, चूक तुझी नाही. मी तुला अर्धंच सांगितलं. तुला धीर द्यायचा होता आणि मलाही हवा होता. उरलेलं अर्धं असं आहे. वर्तुळात साधा तारा सापडला तर त्याला किंमत नाही, कारण तसले तारे पोत्याने आहेत. पण जी गोष्ट आकाशात क्वचितच असते तीच नेमकी त्या वर्तुळात निघाली, तर ती योगायोगाने तिथे येऊन बसलेली नसते. म्हणून गर्दी कोणाची मोजायची, हे आधी ठरवावं लागतं.

तू हाड मोडलेली माणसं मोजलीस. ती पुष्कळ आहेत, खरं आहे. पण ते दोघे रंगारी तुझ्याशी बोलले, एकाने बटण काढून दाखवलं. ते हरवलेले नाहीत ना गं. मोजायची होती ती हरवलेली माणसं. मी पुलाच्या वरपासून खालपर्यंत नदीकाठच्या सगळ्या पोलीस चौक्यांना फोन केले. सरांनी ऑफिसचा फोन दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. या दोन महिन्यांत त्या काठावरून एकच माणूस बेपत्ता आहे. बंदरावरही विचारलं. तिथे तो पोचलेला नाही.

माझ्या कामात यानंतर मी क्षणभरही थांबलो नसतो. नाव लिहून पुढे गेलो असतो. इथे हात चालत नाही. ताई, तो आपला दादाच आहे. त्याला बेवारस जाऊ देऊ नकोस. मी आत्ताच निघालो असतो, पण अवकाळी पावसाने नाक्यावर दरड कोसळून रस्ता बंद आहे, टपालाची पिशवी तेवढी पलीकडे पोचवतात, माणसांना सोडत नाहीत, आणि माझ्यासाठी महिनाअखेर थांबणार नाही.

माझ्यावर राग धर, पण मला तोडू नकोस.
तुझा,
ठिपक्या


२७ फेब्रुवारी

चि. ठिपक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी तुला तोंडाला येईल ते बोलले. तू समोर नव्हतास म्हणून वाचलास. आधी आशा लावायची आणि मग हिशेब शिकवायचा, हा कुठला न्याय? मग चपला घातल्या आणि गेले.

या वेळी दारातून परतले नाही. आत खोली लहान आहे, फरशी ओली, दिव्याचा सारखा आवाज येतो. एक बाई होती तिथली, तिने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. चेहऱ्यावरचं कापड काढू नका म्हणाली, पाय बघा. मी पाय बघितले. ठिपक्या, तिथे काही जुळवावं लागलं नाही रे. तोच होता. पहिल्याच दिवशी आत गेले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सही केली. उद्या सकाळी पुलावरचे सगळे येणार आहेत, तेच खांदा देतील. मुकादमाने काम बंद ठेवलंय.

आईला सांगितलं. ती रडली नाही. फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत बसली, आणि तिने एवढंच विचारलं, की इतके दिवस तिथे त्याच्यापाशी कोण होतं. मी म्हटलं, मी होते, रोज जात होते. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली की तू होतीस म्हणून बरं.

हे खोटं मला एकटीने सांभाळवत नाही. दरवेळी माया ठेव, आठवण ठेव असलं काहीबाही शेवटी लिहिते. आज तसलं काही मागत नाही. रस्ता उघडला की ये.
ताई