पीठ मस्कतला, माणूस पनवेलला

३ नोव्हें.
ह्यांचा मस्कतहून फोन. कंपनीने पुन्हा तीन वर्षांचा करार पुढे केलाय, डिसेंबर संपायच्या आत सही. अकरा वर्षं झाली. या वेळी मात्र एक आशा आहे. तिकडचा एक शेठ आपल्या गिरणीतलं भाकरीचं पीठ घेईन म्हणतोय. तिकडे कोकणी घरं पुष्कळ, पण धुतलेल्या तांदळाचं पीठ मिळत नाही. तेवढं जमलं तर हे परत येणार, गिरणी दोघांनी चालवायची. एका घरात राहून.

७ नोव्हें.
बँकेत गेले. आजवर एकच उत्तर मिळायचं, घराचे कागद आणा. घर अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन नऊ वर्षं झाली, वारस चार भाऊ. नव्या देसाई मॅडम वेगळ्या निघाल्या. शेठच्या बँकेचं हमीपत्र आलं तर त्याच्या जोरावर तांदळाला आगाऊ पैसे देते म्हणाल्या. माल जहाजावर चढल्याचे कागद दाखवायचे, तिकडची बँक पैसे देते. घर नको, दागिने नकोत. हे आधी कुणी का सांगितलं नाही? रिक्षात बसल्यावर रडू आलं.

१८ नोव्हें.
हमीपत्र आलं. १० डिसें.च्या आत माल जहाजावर. शेठ ह्यांना म्हणाला, पहिला माल नीट आला आणि बँक तुमच्या मागे उभी राहिली तर मीही गिरणीत पैसे घालतो. नाहीतर परक्या मुलखात कुणाच्या भरवशावर घालू? बरोबरच आहे.
गच्चीभर तांदूळ पसरलाय. अम्मी, म्हणजे सासूबाई, काठी घेऊन कबुतरं हाकतायत.

४ डिसें.
माल न्हावा शेव्याच्या बंदरात गेला. मी जरा आगाऊपणा केला. एका खोक्यातलं पीठ काढून ह्यांच्यासाठी सुक्या कोलंबीचे सोडे आणि सुके बोंबील भरले. गल्फला कुणी निघालं की त्याच्या बॅगेत आपण असंच काहीबाही कोंबतो. या वेळी जाणारं माणूस नव्हतं, पीठ जात होतं. ह्यांना सांगितलेलं नाही.

८ डिसें.
कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटचा फोन. "भाभी, पिठाच्या खोक्याला सोड्यांचा वास कसा येतोय?"
माल अडवला. मासळीला वेगळे कागद लागतात, आणि यादीत नुसतं पीठ. आता सगळी खोकी उघडणार. धरणी पोटात घेईल तर बरं.

११ डिसें.
जहाज गेलं, तारीख गेली. देसाई मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. आता शेठने मुदत वाढवून मागायची आणि त्याच्या बँकेने ती द्यायची. नाही दिली तर पुढच्या मालाला परत घराचे कागद.
अम्मी म्हणाल्या, सोडे तरी परत देतील का.

१२ डिसें.
ह्यांना सांगून टाकलं. आधी खूप हसले. मग हळूच विचारलं,
"बोंबील पण होते?"
हो म्हटलं. 

२० डिसें.
दंड भरून माल सुटला, गोदामात पडलाय. शेठने अर्ज केलाय, बँकेचं उत्तर नाही. दहा वेळा मोबाइल बघते. ह्यांची फार आठवण येते. फोनवरचे हे नकोत, समोर बसून चहात बिस्किट बुडवणारे हवेत. एवढंच तर मागतेय.

२६ डिसें. शुक्रवार
उत्तर नाही. दुपारी ह्यांचा फोन.
"उद्या बारापर्यंत सही मागतायत. करू?"
पीठ गोदामात, शेठ थांबलेला, उत्तर येणार ते देसाई मॅडमच्या बँकेत, आणि ती उद्या बंद, आता सोमवारी उघडणार. नोकरी सोडून आले आणि मुदत मिळाली नाही तर खायचं काय, हे मलाही कळतं. तरी मी म्हणाले, "नका करू. या."
अकरा वर्षांत हे तोंडातून निघालं नव्हतं.  मग हे म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबतील का, विचारून बघतो."