चांगदेवची बाजू

दौंड, ३ जानेवारी १९७६
रेल्वेच्या बास्केटबॉल संघातून नाव काढलं. गुडघा गेला, म्हणे. गुडघ्याचं सगळ्यांना दिसतं. कलकत्त्याच्या मॅचला कोपर लागल्यापासून डावा डोळा अधू आहे, ते कुणाला ठाऊक नाही. तरी बास्केट होतच राहिल्या — लांबून टाकायचं हाताला पाठ असतं. खेळत होतो तोवर ड्यूटी नावालाच. आता रोज यार्डात इंजिन चालवायचं, मालडबे जोडायचे. आधी डोळ्यांची तपासणी.

६ जानेवारी
डॉक्टरांनी तक्ता दाखवलाच नाही! "हरिबा, दिवाळीच्या मॅचला मी होतो. तुमचे डोळे मी काय तपासू?" हसले, पास लिहिलं. मीही हसलो.

बास्केटची रिंग जागची हलत नाही. डबे हलतात, माणसं हलतात.

७ जानेवारी
बायकोला, धुरपदाला, डोळ्याचं सांगितलं. "खरं बोललात तर इंजनावरनं काढत्याल. मग काय, मेडलं चुलीत घालायची?" रडली. मला तिचाच राग आला.

११ जानेवारी
डबे जोडताना मला झेंडीनं खुणा करायला पॉइंट्समन चांगदेव. आमच्याच संघातला, मला पास देणारा. नियमानं त्यानं झेंडी घेऊन डावीकडं उभं राहायचं. आज म्हणाला, "डाव्या डोळ्यानं तुला दिसंना, व्हय ना? मला मागंच कळलंय. पास काय उगाच उजवीकडनं देत हुतो?" इथंही उजवीकडंच उभा राहीन म्हणतो. त्या बाजूला शेजारच्या रुळावर डबे असतात, मधे अंग चोरून उभं राहावं लागतं. नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

१९ जानेवारी
गुडघा ठणकतोय. डबे नीट लागले. चांगदेव होता.

२ फेब्रुवारी
चांगदेव सापडला. माझे चालते डबे आणि शेजारचे उभे डबे, त्यांच्या मधे. पाय मांडीपासून गेला. मला फक्त ओरडणं ऐकू आलं.

५ फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो. पांघरुणाकडं बघवेना. "तू काय बी बोलू नगंस. उभं ऱ्हायची बाजू माझीच चुकली, असं सांगितलंय म्या." चूक त्याची ठरली तर त्याला बसायचं कामही मिळणार नाही. चौकशीच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली — तुमचा डोळ्यांचा दाखला साफ आहे, काळजी नको. घरी आलो. जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी
चौकशीत साहेबांसमोर उजवा डोळा हातानं झाकला. म्हणालो, "साहेब, आता तुम्ही कुठं बसलाय ते मला सांगता येत नाही."