रेडिओ उठेना तेव्हा

बाबा, रेडिओचं बटन फिरवलं की आधी ‘टक्’ व्हायचं, मग जात्यात पहिली मूठ पडावी तशी खरखर, आणि मग माणसाचा आवाज. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी नुसतंच टक् झालं. त्याच्यामागचं गप्पपण परवा मला पुन्हा ऐकू आलं. मुलाचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे पडून असतो. शाळेत पाठ केलेल्या कविता आठवतील तशा मी त्यावर एका बोटानं उतरवत बसतो. परवा बटन दाबलं, आतला पंखा फिरला, हिरवा दिवाही लागला, पण पडदा काळाच. पेटीवर थाप मारायला हात उचलला आणि तुम्ही आठवलात, म्हणून हात तसाच खाली घेतला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पिकं झाली होती. मी केनवडच्या शाळेत नवा मास्तर, आणि माझ्या कवितेच्या नादाला तुम्ही कंटाळलेले. “कविता म्हणून का कापूस फुटते?” हे तुम्ही मला चारचौघांत विचारलं होतं, मंगरूळच्या बाजारात, आणि मी गाडीमागून मान खाली घालून चालत घरी आलो होतो. त्याच वर्षी नागपूरच्या रेडिओवर खेड्यातल्या मास्तरांच्या कविता घ्यायचं ठरलं. मी जाऊन माझी कविता म्हणून आलो. दसऱ्याला ऐकवणार, असं तुम्हाला कळलं. खंडेनवमीला नांगर, वखर, कुऱ्हाड, विळे ओळीनं मांडलेत आणि त्या ओळीच्या शेवटी माझा रेडिओ आणून ठेवलात.

माय हसायला लागली, याले का वावरात नेता म्हणून. तुम्ही म्हणालात, “पोरगं बोलणार हाये त्यातून. मंग अवजारच नाही का ते?” नांगराच्या मुठीची पूजा करत नाहीत, मातीत राबतो त्या फाळाची करतात, हे तुमचं नेहमीचं म्हणणं. म्हणून तुम्ही रेडिओचं मागचं झाकण उघडलंत, एकेका सेलला ओल्या कुंकवाचं बोट लावलंत आणि वरून अक्षता टाकल्यात. मी पाहत होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला जो येईल त्याला तुम्ही बसवून घेत होता. ओसरी भरली. वेळ झाली, मी बटन फिरवलं. टक्. पुन्हा फिरवलं. मग मी एक थाप घातली, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. “मुक्या जनावराले मारून उठोते का कोणी? आधी पाह्य, त्यानं चारा खाल्ला का.”

गोठ्यातला बैल उठला नाही तर तुम्ही आधी त्याचं तोंड पाहायचात, मग पोट, मग खूर. दोन औषधं एकदम कधी दिली नाहीत, कारण मग कशानं उठला ते कळत नाही. तसंच आता चाललं होतं. सेल काढून बॅटरीत घातले, भिंतीवर लख्ख उजेड पडला, म्हणजे चारा ठीक. बटन हलवून पाहिलं, तारा चाचपल्या. तोवर लोक एकेक करून उठायला लागले. माय म्हणाली, शेजाऱ्याच्या घरी रेडिओ लागला असन, तिथं जाऊन ऐका. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. आपल्या आणि त्याच्या वावरांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीची फांदी त्यानं औतासाठी तोडली तेव्हापासून चार दसरे झाले होते. ना तुम्ही त्याच्या दारात, ना तो आपल्या. बोलायची वेळ आलीच तर दोघं मायला मध्ये घालून बोलायचे.

मग तुमचं बोट सर्वांत आतल्या पितळी पट्टीवर थांबलं. वाळलेल्या कुंकवात एक तांदूळ चिकटून बसला होता, पट्टीला सेलला टेकू देत नव्हता. मायच्या सुईनं तो काढलात. रेडिओ बोलायला लागला. सरकीचे भाव सांगत होता. “पोरगं बोलून गेलं असन आता,” तुम्ही म्हणालात, आणि तो तांदूळ तळहातावर घेतलात.

परवा मीही तसंच केलं, बाबा. आधी वायर, मग पडद्याची पिन, मग पेटी उघडून आतली मेमरीची पट्टी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा बसवली. पडदा उजळला. घरात सांगायला कोणी नव्हतं, म्हणून त्यावरच तुम्हाला लिहायला बसलो. हे कुठं धाडायचं नाही, धाडणार तरी कुठं? पण लिहायलाच बसलो आहे तर एक कबूल करतो. त्या संध्याकाळी “मी म्हणून दाखवतो” असं मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. रेडिओ उठला नाही याचं मला मनातून बरंच वाटलं होतं. कारण ती कविता त्या बाभळीवरच होती. सकाळची सावली शेजाऱ्याच्या वावरात, संध्याकाळची आपल्या, असं मी लिहिलं होतं, आणि तुमचा चेहरा पाहायची मला भीती वाटत होती.

त्या संध्याकाळी, सुटलो असं मनात म्हणतोय तोच ओसरीच्या पायरीशी कोणीतरी खाकरतं. माय कंदील वर करते. तो बाभळीवाला शेजारी उभा आहे, डोक्याला पागोटं नाही, पायात वहाण नाही, हातात सोनंसुद्धा नाही. तुमच्याकडे न पाहता तो मायला म्हणतो, “वहिनी, ह्यायले सांगा, आमी आयकलं.”

तुम्ही तांदूळ मुठीत मिटता, बाजेवर थोडं सरकता आणि मायकडे पाहत म्हणता, “त्यायले म्हणा, बसा इथं. आमाले नाही आयकू आलं. काय म्हणे पोरगं?”